पाच मिनिटांचा अंधार

इनारी,
३ डिसेंबर

प्रिय इंगा,

तुझं पत्र पोचलं, रेनडियरचं सुकं मांसही पोचलं. तू आणि मुलगी खुशाल असाल. इथे सूर्याने परवाच तोंड लपवलं, आता जानेवारीतच दर्शन. गुडघा कुरकुरतोय, कॉफी मात्र सुटत नाही. तुझी आई दुकानात भेटली होती. "त्या गारठलेल्या घरात कुणासाठी बसलायस रे? रोवानिएमीला जा इंगाकडे, दोन घास रांधून तरी घालेल," म्हणाली. मी हसलो आणि ब्रेड घेऊन निघालो.

आस्लाक गेला त्या संध्याकाळचा, मी काढलेला आकाशाचा फोटो तू मुलीच्या खोलीसाठी मागतेयस. ही तिसरी वेळ. बाबा गेले तेव्हा आकाश किती सुंदर होतं हे तिला कळू दे, असं तू लिहितेस. दोनदा मी प्रिंटर बिघडल्याचं कळवलं. प्रिंटर धडधाकट आहे.

कॅमेराही धडधाकट आहे, पण तीन वर्षांत मी तो ट्रायपॉडवर चढवलेला नाही. आमच्या खगोल मंडळातले चिडवतात, "बक्षीस मिळालं आणि तैस्तोला माज चढला!" ध्रुवप्रकाश दिसला की मी पडदे ओढून घेतो. तरी फटीतून हिरवा उजेड जमिनीवर येतोच, आणि मी नकळत पाच मिनिटं मोजायला लागतो. मला भीती वाटते, इंगा. या वयात, स्वतःच्या घरात.

यावेळी तू लिहिलंस की अजून रोज संध्याकाळी घरातल्या सगळ्या बॅटऱ्या चार्जिंगला लावतेस आणि दोनदा उठून बघतेस. तुझ्या मते, त्या दिवशी आस्लाकच्या कपाळावरच्या दिव्याची बॅटरी चार्जिंगला लावायला विसरलीस, म्हणून दिवा गेला, म्हणून त्याला वाट दिसली नाही. हेच तू दफनाच्या दिवशीही म्हणालीस. भाऊ गेला म्हणून लोक माझ्याही पाठीवरून हात फिरवत होते. मी तुझा हात धरला आणि गप्प बसलो.

तेव्हाच बोलायला हवं होतं. आता ऐक.

साडेसहा वाजले होते. तो माशांची जाळी बघून गोठलेल्या सरोवरावरून परत येत होता, बर्फात फांद्या रोवून आखलेल्या वाटेने. मी काठावर. आकाश नुकतं पेटायला लागलेलं, आणि प्रत्येक फोटोत त्याचा दिवा. कुणाचाही उजेड दिसला की आम्हा आकाशवेड्यांच्या अंगाचा तिळपापड होतो. मी फोन लावला.

"आस्लाक, विझव तो दिवा! माझे फोटो नासतायत."

"वा रे वा! तुझ्या आकाशापायी मी इथे आंधळ्यासारखा चाचपडू?"

"वर एवढा उजेड पडलाय! पाच मिनिटं फक्त."

"बरं बाबा, पाच दिली. सहावं मागितलंस तर एक मासा मिळणार नाही." हसत होता.

त्याने दिवा विझवला. स्वतःच्या बोटाने, मी सांगितलं म्हणून. त्याआधीच्या सगळ्या फोटोंत तो लख्ख आहे. बॅटरीला काहीही झालं नव्हतं.

लगेच डोक्यावर आकाश फुटलं, हिरवं, कडांना जांभळं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मी मान खाली केलीच नाही. चाळीस मिनिटांनी बोटं बधिर झाली तेव्हा बर्फाकडे पाहिलं. दिवा नव्हता. फोन लावला, तो लागला नाही. तो बर्फाखाली गेला तिथे ओढा सरोवराला मिळतो आणि बर्फ पातळ असतो, हे त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं. पण त्या फांद्या त्याला दिसायला हव्या होत्या ना! पोलिसांना मी सांगितलं, दिवा अचानक गेला. तुलाही तेच सांगितलं.

बक्षीस मिळालं ते त्या चाळीस मिनिटांतल्या फोटोला. तो मी देणार नाही. सोबत पाठवतोय तो मी फोन करण्याआधीचा, नासला म्हणून बाजूला टाकलेला. खाली बर्फावर दिव्याची एक नारिंगी रेघ दिसेल. तो आस्लाक आहे. वाट न सोडता घराकडे येतोय.

सोमवारी मी पोलिसांकडे जाऊन खरं सांगणार आहे. मुलीला काय सांगायचं ते तू ठरव. माफी मागायला हात धजत नाही. तू मात्र आज रात्री झोप. तुझी काही चूक नव्हती.

तुझा दीर, तू अजून म्हणत असशील तर,
तैस्तो