फिरत्या फळीवरचे अठ्ठेचाळीस नियम

योनागो, १२ मार्च

तीर्थरूप मामांना शिगेओचा वाकून नमस्कार.

उमेच्या झाडांची फुले गळून गेली आणि साकुराच्या बहराला अजून अवकाश आहे, म्हणजे पत्र लिहिणाऱ्याला ऋतूबद्दल धड काहीच लिहिता येऊ नये असा हा पंधरवडा. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी पाठवलेले लोणच्याचे मुळे पोचले. उत्तम होते असे लिहिणार होतो, पण 'उत्तम' हा शब्द सध्या मला वापरता येत नाही. तेव्हा लांबी एक वीत, रंग पिवळा, मी आणि मिसाकोने चार दिवसांत संपवले, एवढेच नोंदवतो. कारण पुढे येईल.

बस कंपनीच्या युनियनमधून निवृत्त झाल्यापासून मी 'नऊ बेटांचा नावाडी' या जुन्या व्हिडिओ गेमचा विकी सांभाळतो हे तुम्हाला ठाऊक आहे. (विकी म्हणजे खेळाच्या चाहत्यांनी मिळून लिहिलेला ज्ञानकोश. गेल्या नवीन वर्षाच्या जेवणात तुम्ही त्याला पोरखेळ म्हणालात. मी ते मनावर घेतलेले नाही, फक्त तारीख लिहून ठेवली आहे.) मी सूत्रे हाती घेतली तेव्हा तिथे अराजक होते. एकाने पाचव्या बेटावरच्या देवमाशाला 'फार गोड' म्हटले होते, दुसऱ्याने खेळाचा शेवट पहिल्याच ओळीत सांगून टाकला होता, आणि दोन संपादक एका होडीचा रंग निळा की हिरवा यावरून एकमेकांचे लिखाण दिवसातून चाळीस वेळा पुसत होते. मामा, साम्राज्ये तलवारीने बुडत नाहीत, विशेषणांनी बुडतात. रोम पाहा. मी सहा महिने खपून लेखनाचे आणि मांडणीचे अठ्ठेचाळीस नियम लिहिले. त्यांतला एकही शब्द मी मागे घेणार नाही, आज तर नाहीच.

आता दुर्घटना. यंदा गल्लीचे प्रमुखपद पाळीने आमच्या घराकडे आले आहे, आणि घरोघर फिरणारी सूचनेची फळी माझ्या दारातून निघते. त्या दिवशी मी दोन कागद छापले होते. एक गटारसफाईची सूचना, दुसरे हे नियम. (माझे त्या वेळी एका मोठ्या विचाराकडे लक्ष होते. कोणत्या ते आता आठवत नाही, पण मोठा होता.) गटारसफाईची सूचना देशभरातल्या अकरा विकी-संपादकांना गेली, त्यांतल्या दोघांनी फावडे घेऊन येतो असे कळवले. आणि नियम फळीला लागून गल्लीत फिरले. एकतीस घरे, 'वाचले' म्हणून एकतीस शिक्के. फळीवरचा कागद कोणी वाचत नाही हे तुम्हीही जाणता. शिक्का मारायचा आणि फळी शेजारच्या दाराशी टेकवून यायचे. पण एकदा शिक्का पडला की 'मी न वाचताच मारला' असे म्हणायची छाती या गल्लीत कोणाची नाही. सगळ्यांनी आपापली प्रत मागून घेतली, मग घाबरून वाचली, आणि पाळायला लागले. चूक झाली असे मी म्हणावे, तर पहिला शिक्का माझाच होता.

नियम चौथा सांगतो की नाव पहिल्यांदा येईल तेव्हा ठळक, नंतर साधे. त्यामुळे भाजीवाल्याच्या दुकानात बायका कोणाचेही नाव पहिल्यांदा ओरडून घेतात आणि पुढची चहाडी नेहमीच्या आवाजात करतात. शेवट सांगायचा तर पडद्याआड, हा सतरावा. म्हणून नाकाईबाईंनी मुलीच्या लग्नाची बोलणी कुठवर आली हे सगळे कुंपणापाशी सांगितले, आणि नवऱ्यामुलाने काय उत्तर दिले ते कागदावर लिहून त्यावर टॉवेल वाळत घातला. ज्याला राहवत नाही त्याने टॉवेल उचलावा. (मी उचलला नाही. मिसाकोने दोनदा उचलला.) काजितानी आणि ओरुई या दोघा म्हाताऱ्यांची हद्दीवरच्या कुंडीवरून नऊ वर्षे लढाई चालू आहे. एकाने सरकवायची, दुसऱ्याने परत ठेवायची. आता नियमाप्रमाणे दिवसाला तीनच वेळा सरकवतात, दर वेळी कारण आणि सही असलेली चिठ्ठी कुंडीला लावतात, आणि तिसऱ्या खेपेनंतर एकत्र चहा पितात. मामा, मी तीस वर्षे व्यासपीठावरून माणसे सुधारू पाहत होतो. एका कागदाने ते तीन आठवड्यांत केले. माझा ऊर भरून आला.

आणि तेवढ्यात तो कागद माझ्यावर उलटला.

निवृत्त शिक्षिका हाताकेनाकाबाई गल्लीच्या चिटणीस आहेत आणि अकरा वर्षे सभांची इतिवृत्ते लिहितात. नियमात 'पात्र' म्हटले आहे ते रहिवाशांनाच, असे समजून त्यांनी प्रत्येकाचे एकेक पान केले. बारावा नियम असा आहे: ज्या पात्राची पुराव्याने टिकणारी तीन वाक्येही नाहीत, त्याला स्वतंत्र पान नाही, 'इतर' या यादीत एक ओळ. आणि 'इतर'मधल्याला चर्चेत भाग नाही, म्हणजे बाईंच्या हिशेबाने सभेत बोलण्याची पाळी नाही. बाईंनी माझी अकरा वर्षांची भाषणे काढली. त्यांतून मते वगळली, विशेषणे वगळली, पुरावा नसलेले आणि पुन्हा पुन्हा आलेले वगळले. दोन वाक्ये उरली. 'खिडकी उघडू का?' आणि 'चहा संपला आहे.' आज माझी ओळ टपालपेटी आणि सोएजिमांच्या मांजरीच्या मध्ये आहे.

मी तडक बाईंच्या दारी गेलो. कायद्याचा इतिहास सांगितला, बाराव्या नियमामागचा माझा मूळ हेतू सांगितला, आवाज थोडा चढला असेल. त्या ऐकत होत्या आणि पेन्सिलीने खाडाखोड करत होत्या. मग चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "इनाबासान, हे सगळं मत आहे हो."

"पण बाई, नियम मी लिहिलेत."

"कागदावर तुमचं नाव कुठंय? लेखकानं सही करायची नाही, हा पहिलाच नियम."

"मग मी आत्ता बोललो त्यातलं काय उरलं?"

त्यांनी वही पाहिली. "'आत येऊ का?' पण ते प्रत्येक जण विचारतो. धरता येत नाही."

मामा, मला सांगा, हा न्याय आहे का? आहे. हेच तर दुखणे आहे. रविवारी, वीस तारखेला, वार्षिक सभा आहे. हे नियम कायमचे ठेवायचे की नाही यावर मत घेणार आहेत, आणि त्यांच्या बाजूने माझे चाळीस मिनिटांचे भाषण तयार आहे. आयुष्यातले सर्वांत मोठे भाषण. ते मी करू शकत नाही, कारण ज्या नियमांसाठी ते करायचे तेच नियम मला गप्प बसवतात. नियम मोडून बोललो तर नियम हरले, न बोललो तर मी हरलो. मिसाको म्हणते की मांजरीलाही पाळी नाही, पण ती एवढी चिडचिड करत नाही.

असो. मामींना नमस्कार. थंडी अजून गेलेली नाही, गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा,
शिगेओ

ता. क. नवव्या नियमाप्रमाणे वाक्याचा साक्षीदार बाहेरचा हवा, म्हणजे इथे गल्लीबाहेरचा. नातेवाईक चालत नाही असे लिहायचे माझ्या हातून राहून गेले आहे. तेव्हा लहानपणी तुमच्याकडे सुट्टीला येत असे तेव्हाचे माझे एक वाक्य, खरे, विशेषणाविना, जागा आणि साल घालून, सही-शिक्क्यानिशी शनिवारपर्यंत पोचेल असे पाठवावे. मी स्वतः तीन दिवस आठवून पाहिले. मला फक्त भाषणे आठवली.

ता. ता. क. आजोबांच्या अंत्यविधीला मी जे म्हणालो ते नको.

मामा, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली दोन ओळी. तीन आठवडे झाले, हे जेवताना काही बोलत नाहीत. वाक्य वाया जायला नको म्हणून नुसते ऐकत बसतात. परवा मी माझ्या बहिणीच्या भांडणाची सगळी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, आणि ह्यांनी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?" लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, हा प्रश्न पहिल्यांदा आला. ह्यांचं तिसरं वाक्य माझ्याकडे आहे, पण मी गल्लीतलीच, माझी साक्ष चालायची नाही, आणि चालत असती तरी दिली नसती. तुम्हाला काही आठवलं तर जरूर लिहा. फक्त पत्र सभेनंतरच्या सोमवारी टाका. — मिसाको