विहिरीवरची आसरा

प्रिय काजल,

आधी बस, पाणी पी आणि मग वाच. तुझी आई आसरा झाली आहे. मेलेबिले नाही, घाबरू नकोस. गुडघा सोडला तर तब्येत ठणठणीत आहे. पण आपल्या मळ्यातल्या विहिरीवर दिवेलागणीला एक बाई खळखळून हसते, असा गावभर बोभाटा झाला आहे. येत्या मंगळवारी बायका तिची ओटी भरून तिला दुसऱ्या गावी जायला सांगणार आहेत. ती बाई मी. मंगळवारच्या आत खरं काय ते सांगायचं, नाहीतर हसणं बंद करायचं, असं मला ठरवायचं आहे.

ही आसराच, हा निकाल शेजारच्या रुक्मिणीबाईंचा. पारावरची माणसं मुंजा म्हणत होती. बाईंनी त्यांना गप्प केलं. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा. त्याला पिंपळ लागतो, आपल्या मळ्यात आहे बाभूळ. हडळ बाळंतपणात गेलेली असते, तिला कसलं हसू येणार? समंध वारस नसलेल्या माणसाचा, तो आपल्या जमिनीवर ठाण मांडून बसतो, पण आवाज पुरुषाचा. राहिली आसरा. या मुळात स्वर्गातल्या अप्सरा, पाण्याला भुलून खाली उतरल्या आणि इथेच रमल्या. खूश असल्या तर लेकरं सांभाळतात, रुसल्या तर पाण्यात ओढतात. "पान्यापाशी हासते, तं थे आसराच. माह्या कानानं आयकलं ना वो, कोकिळाबाई!" हे त्यांनी मलाच, माझ्याच ओट्यावर बसून, माझ्याच हातचा चहा पीत सांगितलं. मी पदर तोंडात कोंबून बसले होते.

आता मी हसते कशाला, तर गोपालरावांमुळे. लोणार-मेहकर गाडीवरचे कंडक्टर, कॉलेजला जाताना तू ज्यांच्याशी खिडकीच्या जागेवरून भांडायचीस, तेच. रिटायर झाल्यापासून आपल्या बांधाशेजारचा मळा स्वतः करतात. बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. संध्याकाळी ते मोटर बंद करायला येतात, मीही येते, आणि थर्मासमधला चहा दोघांत होतो. रुक्मिणीबाईंची भुतं मी त्यांना सांगितली, तर त्यांनी सगळ्यांना गाडीत बसवलं. मुंज्याला हाफ तिकीट. समंध शेवटचा स्टॉप आला तरी उतरत नाही. आणि लोणारच्या लवणासुराला म्हणे देवानं मारलं ते ठीक, पण एवढा मोठा खड्डा पाडून ठेवला आणि बुजवायला अजून कुणी आलं नाही. काजल, मी पोट धरून हसले गं.

पण मग घरी येऊन रडलेही. रुक्मिणीबाई माझा खोकला भिंतीपलीकडून ओळखतात. गल्लीत माझी चप्पल वाजली तरी दार उघडतात. आणि माझं हसणं त्यांना ओळखता आलं नाही. त्यांचा काय दोष? तू आठवीत असताना तुझे बाबा गेले, त्यानंतर ते कुणी ऐकलंच नव्हतं. मलाही ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं.

मागच्या आठवड्यात कुणीतरी विहिरीच्या काठावर खण, नारळ आणि हिरव्या बांगड्या ठेवून गेलं. आसरेला वाहिलेलं कुणी उचलत नाही, ज्याचं त्यानंच घ्यावं. मी नुसती बघत उभी राहिले. गोपालराव म्हणाले, "तुमच्याच नावानं आल्या ना? मंग घाला की." मी घातल्या. घरी येताना काढून थर्मासच्या पिशवीत ठेवते. रोज काढताना जिवावर येतं.

बाकीची सगळी भुतं कशात तरी अडकून राहिलेली. आसरा तेवढी आपल्या आवडीनं राहिलेली. मलाही तसंच राहायचं आहे. आम्ही बुलढाण्याला नोंदणी लग्नाची नोटीस दिली आहे आणि सोमवारची तारीख मिळाली आहे. तीन साक्षीदार लागतात. दोघं त्यांच्याकडचे आहेत. तिसरी जागा मी तुझ्यासाठी ठेवली आहे, ती दुसऱ्या कुणाला देणार नाही. फोनवर सांगणार होते, पण तू नुसतं "आई?" म्हणाली असतीस तरी माझा धीर सुटला असता. तू नको म्हणालीस तर मी भांडणार नाही. मंगळवारी बायकांत उभी राहून आसरेला निरोप देईन आणि ती गेली म्हणून गावही निर्धास्त होईल. पण नको म्हणायचं असलं तरी इथे येऊन म्हण. शनिवारच्या गाडीनं ये, संध्याकाळी माझ्याबरोबर मळ्यात चल. एकदा मला हसताना ऐक, आणि मग काय ते सांग.

तुझीच,
आई