बूट घालून तुमच्यासमोर

आबा, सून म्हणून तुमच्या घरात एकवीस वर्षं काढली, पण तुमच्याशी थेट एक शब्द बोलले नाही. सासऱ्याशी बोलायचं ते दाराआडून, सासूबाईंच्या तोंडून. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, म्हणून आज धीर झाला. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात लिहिते.

तुमच्या लेकाला हृदयाचा झटका आला, तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी मलाच बजावलं होतं: महिन्याभराने रोज थोडं थोडं चालवा, पलंगाला खिळवू नका. एसटीतून पारोळ्याला येईपर्यंत मी ते घोकत आले. आणि घरी तुम्ही त्यांच्या उशाशी बसलेले. "पडी ऱ्हाय भाऊ, बठ्ठं काम व्हई जाई." पडून राहा, सगळं काम होऊन जाईल, असं लेकाला सांगत होतात. मी दाराआडून बांगड्या वाजवल्या. सासूबाईंनी माझं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचवलं. तुम्ही पानाला चुना लावत म्हणालात, "बाप मी शे का तो डॉक्टर?" विषय संपला. वर रोज तुपातला शिरा. दीड वर्ष ते पलंगावर होते, मग पलंग रिकामा झाला.

आता माझ्याही हृदयाचं दुखणं निघालंय. जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, आजी, रक्तवाहिन्यांना आतून सूज असते. दम वाढेल पण बोलता येईल अशा चालीने रोज चाललं की तीही उतरते. मी विचारलं, हे चालले असते तर जगले असते का? म्हणाल्या, तसं सांगता येत नाही. त्यांना येत नसेल. मी मात्र निकाल लावून टाकला. तुमचा फोटो देवघरातून काढून पडवीत टांगलाय, तोंड अंगणाकडे. तुमच्यासमोरून जाताना मी चपला हातात घ्यायचे ना? आता नातीचे कॅनव्हासचे बूट घालते, पदर कमरेला खोचते आणि अर्धा तास फेऱ्या मारते. दोन्ही सुना मागे. तुमच्या नाकासमोर घाम पुसतो, मोठ्याने हसतो. उठून आत जायची सोय तुम्हाला ठेवलेली नाही. बघा टांगल्या टांगल्या.

नात विचारते, झालं का? झालं असतं. हा कागद तिच्या वहीतच राहणार, म्हणून एवढं सांगते. एकदा तुम्ही आणि सासूबाई भुसावळला लग्नाला गेला होतात. हे पलंगावरून उठले, भिंत धरून उभे राहिले. म्हणाले, चल, विहिरीपर्यंत जाऊन येऊ. मी म्हटलं, नको, कोणी बघेल.

बघायला कोणीच नव्हतं, आबा.