दुसऱ्यांच्या लेकरांकडं बघायचं काम

माय, मी त्या लेकरांकडं बघितलं. डोळे भरून बघितलं, आणि मला त्याचा पस्तावा नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी हे तोंडावर सांगते. तू असताना बोलले असते तर चुलीपुढनं फुंकणी घेऊन उठली असतीस.

मूल होत नाही म्हणून सोनारीच्या सासरच्यांनी मला कळंबला तुझ्या दारात आणून सोडलं, तेव्हा मी विशीचीही नव्हते. निजामाचं राज्य होतं. तू मला घरात घेतलंस, दोन्ही वेळा पोटभर वाढलंस, नाही म्हणत नाही. पण पहिल्याच दिवशी भाकरी थापता थापता बजावलंस, "कुणाच्या बी लेकराकडं टक लावून बघू नगंस. उद्या त्याला काय झालं तर लोक तुझंच नाव घेतील." शेजारी कुणी बाळंत झाली की तू मला आतल्या खोलीत धाडायचीस. बारशाच्या घुगऱ्या माझ्या वाट्याला यायच्या, पाळणा मात्र मी कधी बघितला नाही.

अशात हैदराबादहून त्या बाई आल्या. त्या कॉलेजात शिकवायच्या, आणि लहान मुलं कशी वाढतात, कशी शिकतात, याचा अभ्यास करत होत्या. मुलींच्या शाळेच्या ओसरीवर दोन-तीन वर्षांची पोरं जमवायच्या. त्यांचं मराठी मोडकं, आणि पोरं त्यांचा चष्मा बघूनच भोकाड पसरायची. त्यांना गावातलीच एक बाई हवी होती, जी मुकाट्यानं बसून पोरं काय करतात ते बघेल आणि संध्याकाळी सांगेल. मी गेले. अख्ख्या गावात जिनं लेकरांकडं बघू नये तिलाच बघायचं काम मिळालं! मला हसू आवरेना, आणि तुला वाटलं पोरीचं डोकं फिरलं.

काम साधंच होतं. दोन वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली गुपचूप चिंचोका ठेवायचा, आणि लेकरू तो कुठं शोधतं ते बघायचं. बाकीची पोरं धडाधड दोन्ही वाट्या उलथवायची. शेजारच्या शिंपिणीची पोर मात्र वेगळी. तिला अजून बोलणं फुटलं नव्हतं, सगळे तिला मुकी म्हणायचे. ती येते, माझ्यासमोर बसते, वाटीला हातही लावत नाही. माझे डोळे कुठल्या वाटीकडं वळतात ते बघते आणि नेमकी तीच उचलते. मी बाईंना सांगितलं तर त्या खूश होऊन म्हणाल्या, "इसको सब समजता जी!" माय, ज्या नजरेला गाव भ्यायचं, तिच्यावरून ती पोर चिंचोका शोधत होती. त्या दिवशी मी घरी कशी आले ते मला ठाऊक नाही, पाय जमिनीला लागत नव्हते.

पुढच्या आठवड्यात तिला गोवर निघाला. गावानं माझं नाव घेतलं, त्याचं मला काही नाही, गावाचं तोंड कोण धरणार? पण तू मीठ-मोहऱ्या, लाल मिरच्या घेऊन शिंपिणीच्या घरी गेलीस. साऱ्या आळीदेखत म्हणालीस, "माझ्याच पोरीची नजर हाय, म्याच उतरवते." मी दारात उभी होते. तुला वाटलं असेल, आपण लेकीला लोकांच्या रोषातून सोडवतोय. माय, तू मला सोडवलं नाहीस, तू माझ्यावर शिक्का मारलास. तो राग अजून गेलेला नाही आणि जावा असंही मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी तू दाराला आडवी आलीस. मी तुझ्या हाताखालनं वाकून गेले. ओसरी रिकामी. बाई आणि मी, दोघीच वाट्या मांडून बसायचो. कुणीसुद्धा पोर पाठवेना. बाई हैदराबादला परतायची भाषा बोलायला लागल्या, तशी एका सकाळी शिंपीण आली. कडेवर पोर, वाळून काटकी झालेली, दोन्ही गालांवर रुपयाएवढे काजळाचे टिक्के. पोरीला माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "शाळंकडं बोट करून लई रडती गं. कुणाचं काय ऐकू? हे टिक्के लावलेत, आता बघ किती बघायचं ते!" तिच्यामागं बाकीच्या आया आल्या. त्या संध्याकाळी तू मला नेहमीसारखंच पोटभर वाढलंस, आणि मी जेवले.

पुढं निजामाचं राज्य गेलं, बाईही गेल्या, पण मी ते काम सोडलं नाही. बालवाडीत जन्म काढला. दुसऱ्यांची किती लेकरं बघितली, कुणाचं बोलणं अडलेलं, कुणाचं चालणं. एकही माझ्या नजरेनं वाळलं नाही. तू चुकलीस, माय, आणि हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार.

हे लिहिलेलं कुठं धाडू? तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यावं असं हे नाही. एक मात्र कबूल करते. नवं लेकरू समोर आलं की आजही मी आधी त्याची आई कुठं आहे ते बघते, आणि ती आपल्याकडं बघत नाही अशी खात्री झाली की मगच त्याच्याकडं.