परीच्या नावाची पाटी

मंगळवार, सांजच्याला

आज माज्या हातनं लय वाईट झालं. माधवनगरच्या रस्त्याला दुकानदारांनी रोपं दिली, आमच्या बचतगटाच्या बायांनी लावली. जे घर पानी घालंल त्या घरच्या लेकराच्या नावाची पाटी. माज्या परीचं रोप वाळत चाललंय, आन कालपासनं परीला ताप. आत्याबाई म्हनल्या, "नावाचं झाड हाय ते, जप." मला लय भ्या वाटलं. दुपारी रस्त्यावर कोन न्हवतं, तवा परीची पाटी काढून शेजारच्या सुमनवैनीच्या आर्यनच्या हिरव्यागार रोपाला लावली. त्येची परीच्या वाळक्याला.

आत्ता वैनी दोन कळश्या घिऊन आल्या. वाळकं रोप बघून हसल्या, "आमचा आर्यन उन्हानं दमला वाटतं! तुजी परी बग कशी तरारलीय." दोन्ही कळश्या वाळक्यालाच वतल्या. मग इचारलं, "पोरीचा ताप उतरला का गं?"

मी मान हलवली. उतरलाय की. पर आता आर्यनला आला तर? आई असून मी हे काय केलं?

उद्या उजाडायच्या आत पाट्या काढती. हिरव्याला आर्यनची लावती. वाळक्याला कुनाच्याच लेकराची न्हाई, माज्या सोताच्या नावाची लावती. मरायचंच असंल त्येला, तर माज्या नावावर मरू दे.