जाई, मोठ्यानं वाच

शिरूर कासार, जि. बीड
१६ एप्रिल १९८७

चि. बायना, कचरूदाजी, जाई आणि दोघे धाकटे,

अर्धा महाराष्ट्र पायाखाली घालून ज्यांना एकही गाव डोळे भरून पाहायला मिळालं नाही, अशा तुम्हा सगळ्यांना दादाचा सप्रेम जयभीम.

इकडं खुशाली आहे. आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. टँकर एक दिवसाआड येतो. परवा जयंतीला माझं भाषण झालं, लोक भर उन्हात बसून राहिले, त्यामुळं मलाही थांबवेना. आता घसा बसलाय, म्हणून कागदावर बोलतोय. हे पत्र नेहमीसारखं जाईच वाचून दाखवणार, ते मला ठाऊक आहे. जाई, सावकाश वाच. मामाची वाक्यं लांब असतात.

बायना, आपली एक तक्रार आहे आणि ती आजवर कुणी मांडली नाही. मजुरीची मांडली, खोपीची मांडली, मीच मांडली. पण तू लग्न झाल्यापासून दरसाल सहा महिने ऊस तोडायला घाटाखाली असतेस. मी मागं तुला विचारलं, सातारा कसा आहे गं? तू म्हणालीस, "दादा, उसासारखा." कोल्हापूर? "ते बी उसासारखंच." मी हसलो आणि मग रात्रभर माझं डोकं तापलं. कारखान्याचे संचालक सहकाराचा अभ्यास करायला बायकामुलं घेऊन विमानानं जातात. अभ्यास झाला की थंड हवेच्या ठिकाणी फोटो काढतात. ऊस लावणारा सभासद, साखर विकणारा चेअरमन, आणि ऊस तोडणारा कोण? तो सहकाराचं पाचट. फड संपला की पेटवून द्यायचं. माझं म्हणणं साधं आहे. जग बघायचा हक्क हाही हक्कच आहे, आणि तो यंदा आपण बजावायचा.

म्हणून मी सगळं ठरवलंय. बीडच्या वाचनालयात दोन दिवस बसून जिल्ह्याबद्दलची जुनी सरकारी पुस्तकं चाळली. ग्रंथपाल म्हणाले, "अर्जुनराव, मोर्चाची तयारी दिसते." म्हटलं, नाही हो, बहीण यायचीय. त्यांना ते खरं वाटलं नाही.

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की तुमचा ट्रक बीडवरूनच पुढं येतो. टोळीबरोबर गावात येऊ नका. बीडलाच उतरा, सामान तुमच्या टोळीतल्या धुळाजीचे भाऊ घरी पोचवतील. मी स्टँडवर उभा असेन. पहिल्यांदा खजाना बावडी. दुष्काळानं आजूबाजूच्या विहिरी तळाला गेल्यात, पण तिथं जमिनीखालून पाणी चालत येतं, चारशे वर्षं. धाकट्यांना पायऱ्यांवर बसवून पाण्यात पाय सोडायला लावू. मग कंकालेश्वर. देवाशी आपलं काही देणंघेणं नाही, पण ते देऊळ पाण्याच्या कुंडात उभं आहे आणि त्याचा दगड कुणाच्या तरी हातानं घडलाय. आपण देव सोडून दगड बघू.

दुसऱ्या दिवशी नायगावच्या डोंगरात मोर. तिथून सौताडा. आता सौताड्याचा धबधबा मे महिन्यात नसतो, यंदा तर पावसाळ्यातही धड नव्हता. पण दरी आहे ना. पाण्याशिवायचा धबधबा कसा असतो ते पाहायला पुण्या-मुंबईची माणसं कधी येणार? तो मान आपलाच.

आईला हे सगळं वाचून दाखवलं तर ती म्हणते, "आरं, लेकरं फडात करपून येत्याल, आन तू त्यास्नी कोरडी दरी दाखीव. कावून? घरी निजू दे की." मी म्हटलं, आई, तू सौताडा पाहिलायस का? म्हणाली, "म्या कवा बघू? तुजा बाप मला फकस्त बाजारला न्यायचा." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तिनं तिचं ठेवणीतलं हिरवं लुगडं वाळत घातलेलं. विचारलं तर म्हणे, "कसर लागली हुती." तर आईही येणार, हे धरून चाला. तिनं धपाट्यांचं पीठसुद्धा दळून आणलंय. तुम्ही यायला अजून वेळ आहे, पण तिला कोण सांगणार.

सगळ्यात शेवटी आंबाजोगाई. तिथं मात्र घाई करायची नाही, चांगलं चार दिवस राहू. हत्तीखान्याची लेणी आहेत, दगडात कोरलेले खऱ्या हत्तीएवढे हत्ती. मोठं सरकारी कॉलेज आहे, तिथं शिकून डॉक्टर होतात, दाजींची पाठ तिथं दाखवू. शिवाय मुलींचं एक वसतिगृह आहे, तेही पाहण्यासारखं आहे.

तुम्ही म्हणाल, वसतिगृहात पाहायचं काय? सांगतो. तिथल्या बाई, सरूबाई, आपल्याच समाजातल्या. सकाळी चाळीस पोरी अंगणात रांगेनं बसून एका सुरात पाढे म्हणतात. मी फाटकाबाहेर उभा राहून ऐकत होतो, सरूबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "भाषण द्यायचं असेल तर आधी चपला काढा." भाषण दिलं नाही. एका पोरीची चौकशी केली आणि आलो.

आता धुळाजीचं सांगतो. इतका वेळ टाळत होतो.

त्याचा बैल लंगडा झाला म्हणून तो तुमच्या टोळीतून आधी परत आला. स्टँडवर भेटला. तुमची खुशाली सांगितली आणि म्हणाला, "अर्जुनराव, पेढे द्या. तुमच्या भाचीचं दाजीनं जमवलं. पोरगं आपल्याच टोळीतलं हाय, लई कष्टाळू. बुद्धपौर्णिमेच्या मागून बार उडवायचा. पुढल्या साली येक कोयता वाढला बगा." त्याचा चेहरा आनंदानं फुललेला होता. त्याचं काही चुकलं नाही. आपल्याकडं माणसं मोजायची रीतच अशी. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. मी एवढंच विचारलं, "धुळाजी, कोयता वाढला. कमी कोण झालं?" तो म्हणाला, "कमी कशाला हुतंय कुणी?"

जाई, तू इथं थांबली असशील. तुला हे आधीच ठाऊक असेल किंवा आत्ताच कळलं असेल. थांबू नकोस. वाच. मी आधी हे वेगळ्या कागदावर लिहून मुकादमाकडून वाचून घ्यायला सांगणार होतो. पण ज्याच्या टोळीत कोयता वाढणार, तो हे जसंच्या तसं वाचेल का? मग वाटलं, तुझ्या आईबापानं हे तुझ्याच आवाजात ऐकावं. तू आता पुढचं वाक्य मोठ्यानं वाच, आवाज आईला ऐकू जाईल असा.

जाई चौदा वर्षांची आहे.

दाजी, मी तुम्हाला कायदा सांगणार नाही. तो मी चावडीवर सांगतो आणि चावडी टाळ्या वाजवून घरी जाते. धमकीही देणार नाही. मी आईपुढं म्हणालो होतो, भाचीला मामा हाताला धरून मांडवात आणतो, मी येणारच नाही, मग बघू कसं लग्न लागतं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुज्यावाचून काय अडतंय? चुलतमामा चार हायेत." आईपुढं माझं एक भाषण टिकत नाही.

बायना, तू काय म्हणशील तेही मला माहीत आहे. "दादा, तुझं बोलणं बरोबर हाय, पण फडावरच्या खोपीला दार नसतं. आम्ही दोघं पहाटं अंधारात तोडीला जातो. वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर टाकू? लगीन झालं की लोकांची नजर तरी खाली व्हती." हे तू मला दोन वर्षांपूर्वीही सांगितलं होतंस, जाईला शाळेतून काढून धाकट्याला सांभाळायला नेलंस तेव्हा. तेव्हा गावात आईजवळही ठेवता येईना, कारण मी महिन्यातले वीस दिवस सभांना, घरात म्हातारी आणि पोर दोघीच. तुझी भीती खोटी नाही. तिच्यावर माझ्याकडं भाषण नाही.

माझ्याकडं जागा आहे.

सरूबाईंनी जाईला घ्यायचं कबूल केलंय. सातवीपासून पुढं, राहणं-जेवणं तिथंच. आणि त्यांच्या स्वयंपाकघरात भाकरीला बाई हवी आहे. मी आईला नुसतं बोललो. ती दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर बसमध्ये चढली. सरूबाईंनी विचारलं, "मावशी, एवढ्या पोरींच्या भाकरी झेपतील का?" आई म्हणाली, "तू पीठ मळून दे, म्या गुडघ्यानं थोडीच थापती." राहायला तिला तिथंच एक खोली मिळतेय, आणि त्या खोलीला दार आहे. आईनं आतून कडी लावून, बाहेरून मला ढकलायला लावून पाहिलं. उघडलं नाही. मग म्हणाली, "पोरीला घिऊन ये."

म्हणजे तुम्ही सहा महिने घाटाखाली असाल तेव्हा जाई आजीच्या नजरेसमोर असेल. पोरगं कष्टाळू आहे, मान्य. चार-पाच वर्षांनी तो तसाच कष्टाळू असेल आणि जाईला तो आवडला, तर मीच तिला हाताला धरून आणीन. तुमची पाठ दुखते, दाजी, पुढच्या साली तोड कमी पडेल, हेही मला कळतं. त्यावर मी टोळीशी, कारखान्याशी, ज्याच्याशी भांडायला लागेल त्याच्याशी भांडीन. पण ते भांडण माझं आणि तुमचं. चौदा वर्षांच्या पोरीनं ते कोयत्यानं मिटवायचं नाही.

बावडी, मोर, दरी, हत्ती, सगळं खरं आहे. आई लुगडं वाळवतेय तेही खरं आहे. मी तुम्हाला फसवून बोलावत नाही. जिल्हा दाखवायचाच होता, त्याच वाटेवर आंबाजोगाई आहे, एवढंच.

इतकी वर्षं मी सगळ्यांच्या वतीनं बोलत आलो. ऊसतोड्यांच्या वतीनं, बायकांच्या वतीनं, आज जाईच्या वतीनंही. तुम्हीही तिच्या वतीनं ठरवून मोकळे झालात. आपण तिघांनीही तिला काही विचारलेलं नाही.

म्हणून बायना, दाजी, आता एकच करा. हे पत्र वाचून संपलं की जाईला समोर बसवा आणि विचारा, तुला काय पाहिजे? आणि ती उत्तर देईपर्यंत, कितीही वेळ लागला तरी, दोघांपैकी कुणीही बोलू नका.

मीही आता बोलत नाही.

तुमचा,
अर्जुन