कंगव्यातले केस

रविवार, संध्याकाळ. चारकोप.

धाकट्या बहिणीचे, सुजाताचे केस मूठमूठ गळतायत. म्हणून आज तिला पुढ्यात बसवून जास्वंद आणि कढीपत्ता उकळलेलं खोबरेल लावत होते. तेवढ्यात खालच्या परबकाकू आल्या. तिच्या बाळंतपणाआधीच त्या गावी गेलेल्या, कालच परतल्या. कंगव्यातला गुंता बघून हसल्याच. "तेल कशाक लावतस गो? बाळ हसाक लागला काय आवशीचे केस गळततच! खंय आसा आमचो राजा?"

बाळ जन्मताच गेलं, हे मला सांगावं लागलं. काकू तोंडाला पदर लावून निघून गेल्या.

बाळ हसलं की आईचे केस गळतात, असल्या समजुतींवर मी अंधश्रद्धाविरोधी सभांतून तुटून पडते. बाळ असो वा नसो, बाळंतपणानंतर केस गळतातच. एवढं साधं वाक्य. मग तोंडातून का फुटेना?

सुजाता कंगव्यातले केस बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "ताई, म्हणजे तो हसायला लागला असेल का गं? कुठेतरी?"

कुठेतरी म्हणजे कुठे? मी तर असलं काही मानत नाही.

"हो गं," मी म्हणाले. "खूप हसत असेल."

तिने पुन्हा विचारलं, तर पुन्हा हेच सांगेन.